खरा धूर

धुराचं इंधन करणारा रिअ‍ॅक्टर लेकीने तीन वर्षं खपून उभा केला होता. बाटलीतल्या शुद्ध वायूवर तो महिनाभर कुरकुर न करता चालला. आज पहिल्यांदाच त्यात खरा धूर सोडला, बाबांच्या जुन्या कारखान्याच्या चिमणीतला.

घरी आल्यावर खांद्यावरची पिशवीही न काढता तिने बाबांच्या पलंगावर बसकण मारली.

"अकरा मिनिटांत आतला कॅटॅलिस्ट मेला, बाबा. त्या धुरातल्या गंधकाने पार मारून टाकला. तीन वर्षं पाण्यात गेली माझी."

बाबांनी नाकातली ऑक्सिजनची नळी नीट केली. बोलण्याआधी थोडा दम खाल्ला.

"अकराच मिनिटं? फारच नाजूक गं तुझा. मी त्याच चिमणीखाली एकतीस वर्षं टिकलो की."