साडीखाली वाळणारी जीन्स

भुजंगरावांनी जीन्स अंगणात आपटली आणि विचारलं, “ही कुनाची?”

सून शीतल डब्याची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. बदनापूरच्या एका बियाण्याच्या कंपनीत तिला सहा महिन्यांपूर्वी नोकरी लागली होती. भुजंगरावांनी ती एकाच अटीवर करू दिली होती. या घरातल्या बाईच्या अंगावर जीन्स चढली, की त्या दिवशी नोकरी बंद. अट तिच्या वडिलांदेखत घातलेली. शीतलने मान डोलावली होती, कारण या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं ती नोकरीच होती.

मुलगा सोमेश्वर म्हणाला, ती जुनी पँट माझी आहे. ते खरंच होतं. दोन वर्षांपूर्वी पायाला चिकटणाऱ्या जीन्सची फॅशन गेली, सैल आली, तेव्हा त्याने ती टाकून दिली होती. आता त्याच्या अंगात ढगळ जीन्स होती, टाचेखाली लोळणारी. भुजंगरावांना दोन्हींचा सारखाच राग. आधी नळ्या, आता पोती. ‘ही फॅशन कधी जायची रे?’ असं ते त्याला उठता-बसता विचारत.

पण भुजंगराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. बाप्याचे कपडे तारेवर उघडे वाळतात. बाई मात्र झाकायचं ते साडीखाली वाळत घालते. ही जीन्स गोठ्यामागे त्यांच्या बायकोच्या, साळूबाईच्या साडीखाली सापडली होती. म्हणजे बाईचीच. आणि पोरीची हिंमत अशी, की झाकायलाही सासूचीच साडी घेतली. वर गुडघ्यांना हिरवी ठिगळं. हल्ली ठिगळांचीही फॅशन असते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

“मामा, माझी नाही,” शीतल म्हणाली. फाट्यावर तिला कामाला नेणाऱ्या जीपने हॉर्न दिला. सोमेश्वर पुढे झाला, तर त्यालाही त्यांनी हातानेच गप्प केलं. मग खिशातून फोन काढला आणि व्याह्यांचा नंबर लावला.

साळूबाई चुलीपुढून उठली. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. तिने जीन्स उचलली, झटकली.

“माझी हाये.”

सुनेवर पांघरूण घालू नकोस, असं भुजंगराव म्हणाले. तिने वाद घातला नाही. मुलगा-सून समोर असताना तिने साडी गुडघ्यापर्यंत वर धरली.

तीस वर्षं मोसंबीच्या झाडांखाली बसून गवत काढणाऱ्या बाईचे पाय होते ते. काट्यांच्या काळ्या खुणांनी भरलेले. नडगीवर एक खोल व्रण. ती जखम शुगरमुळे चार महिने भरली नव्हती. असा आणखी एक काटा लागला तर पाय कापावा लागेल, असं जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भुजंगराव शेजारीच बसले होते. जपत जा, एवढं तिला म्हणाले होते आणि विसरून गेले होते.

“तुम्हीच म्हनले व्हते, जपत जा. जपूनच राह्यले,” साळूबाई म्हणाली. “बागेतल्या खोपीत घालते, तिथंच काढते. काल चिखलानं भरली म्हनून घरी धुतली. ह्याची फॅशन गेली म्हनून माझा पाय राह्यला.”

भुजंगरावांनी ठिगळांकडे पाहिलं. मागे एका दिवाळीला त्यांनीच आणलेल्या झंपराचं कापड होतं ते. त्यांना फार लाज वाटली.

फोनमधून आवाज आला, “हॅलो, बोला इवाई.”

त्यांनी फोन कानाला लावला. “काही न्हाई. पोरगी कामाला निघून राह्यली, तेवढंच सांगायचं व्हतं.”

शीतल जीपकडे पळाली. भाकरी जळाल्याचा वास सुटला होता. भुजंगराव बराच वेळ सोमेश्वरच्या ढगळ जीन्सकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “सोमा, ही फॅशन कधी जायची रे?”