शेवटचा डबा

मुलाच्या, ब्रेंटच्या दफनानंतर वेंडेलने त्याच्या रंगगोळ्यांच्या पेंटबॉल बंदुकीची गॅसची टाकी आपल्या छऱ्याच्या बंदुकीला जोडली. कोठारातले उंदीर मारायला बरी पडायची. आज भर उन्हात तो कोठारात शिरला, तर खुंटीवरच्या बंदुकीची टाकी बर्फाने पांढरी झालेली. लागोपाठ छरे झाडले की टाकी अशी गारठते, हे ब्रेंटनेच शिकवलं होतं. “लोरेन, तू बंदूक चालवलीस?” “मला चाप कुठला तेही कळत नाही,” बायको ओट्यावरून म्हणाली. त्याने कुंपणाकडे पाहिलं. सकाळी त्याने नेम धरायला मांडलेले रिकामे डबे गवतात पडले होते. एकच उभा होता. शेवटचा डबा ब्रेंट नेहमी बापासाठी ठेवायचा. वेंडेलने एक छरा झाडून तो पाडला, सगळे पुन्हा मांडले आणि टाकी सोडवली. “भरून आणतो.” “उंदरांसाठी?” त्याने टाकी गाडीत ठेवली. “मग पूर्ण भर,” लोरेन म्हणाली. “मागच्या खेपेला त्याला कमी पडली होती.”