सातवा प्याला एकोप्याचा

आमच्या तेलावीच्या घरी मेजवानीत तमादा, म्हणजे प्याल्यांचे सूत्रधार, सासरेबुवाच. प्रत्येक प्याल्याचा विषय ते काढणार आणि ते सांगतील त्याने प्याला घेऊन उभं राहून बोलायचं.

काल सातवा प्याला घरातल्या एकोप्याचा होता. "एतेरी, यावर तू बोल. आपल्या घरात मनात काही ठेवायचं नाही!"

सहा वर्षांत पहिल्यांदाच कोणी मला बोल म्हणालं होतं. मी उभी राहिले.

"बाबा, या घरात माझा जीव गुदमरतो. मला जायचंय."

"गाउमारजोस!" सगळे एका सुरात ओरडले आणि प्याले रिकामे झाले. नवऱ्याने तर टाळ्याही वाजवल्या.



सासूबाईंनी माझ्या ताटात खाचापुरीचा तुकडा वाढला. "बस गं," त्या हळूच म्हणाल्या, "मी हेच बोलले होते, तेव्हाही टाळ्याच पडल्या होत्या."