देवघरातली वाटी

"शिवत नाही," काशीराममामा म्हणाले. "अरे रतन, सांग मरे कायतरी त्यांना!"

दहिसर नदीच्या काठावर नानांचा दहावा चालला होता. भाताचे पिंड केव्हाचे मांडून झाले होते. समोरच्या झाडावर कावळे बसले होते, पण एकही खाली उतरेना. नानांचा जीव कशात तरी अडकला होता.

"आईला अंतर देणार नाही," रतननं हात जोडून बापाला सांगितलं.

कावळे ढिम्म.

"गावच्या घराची कौलं परतू!" मामा ओरडले. "सप्ताहात तुमच्या नावानं कीर्तन ठेवू, भावोजी!"

"बोरिवलीचे कावळे हे," मागून कुणीतरी पुटपुटलं, "सकाळीच फाफडा हाणून आले असतील."

भटजींनी दर्भ हातात घेतला. "दर्भाचा कावळा करून शिवू या का?"

"थांबा जरा," रतन म्हणाला. गवताच्या कावळ्यावर नानांची बोळवण करायची?

बायका सहसा दहाव्याला नदीवर येत नाहीत, पण त्याची आई, जानकीबाई, हट्टानं आली होती. देवघरातली वाटी पदराखाली धरून बसली होती. गंजलेली, मधोमध भोक असलेली. देवघरात ती दोऱ्यानं टांगलेली असायची. आरतीला नाना तिच्यावर चमचा मारायचे आणि क्षणभर दाराकडे बघत थांबायचे. "देव आत यायला नको का?" म्हणायचे. रतननं पितळेची घंटा आणून दिली, ती कोनाड्यात पडून राहिली.

असा भाविक माणूस. पण कीर्तनात आख्यान रंगात यायचं, आई लेकराला हाका मारते तिथवर बुवा यायचे, आणि नेमके तेव्हाच नाना चपला शोधत उठायचे. "तंबाखू खाऊन येतो." नाना तंबाखू खात नसत. आपला बाप म्हणजे दगड, असं रतनला वाटायचं.

कारणही तसंच होतं. रतन पोटात असताना दोघांनी लालबागची खोली सोडून बोरिवली गाठली. इथल्या कॉलनीतली पोरं सायकलीवर भिरभिरायची आणि रतन कठड्यावर बसून बघायचा. "सायकलवाचून कुणाचं बालपण अडत नाही," हे नानांचं ठरलेलं उत्तर. एकदा त्यानं भाड्याची सायकल आणली, तर कधी बोटही न लावणाऱ्या नानांनी एकुलत्या एका पोराला सगळ्यांदेखत फोडून काढलं, आणि त्या दिवशी स्वतःही अन्नाला शिवले नाहीत. गिरणीच्या संपात नोकरी गेली तेव्हाही रतननं त्यांना तसं बघितलं नव्हतं.

आता रतनचा दादू सायकल मागत होता. शेवटच्या दुखण्यात नाना त्या नातवाला जवळ बसवून त्याचे गुडघे कुरवाळायचे आणि मुकाट रडायचे. बापाला पस्तावा होतोय, हे रतननं तेव्हाच ओळखलं होतं.

तो पुढे झाला. "नाना, दादूला सायकल घेतो. आजच घेतो. मला नाही दिलीत, तो राग गेला माझा."

खाली झेपावलेला एक कावळा पिंडावरून तसाच माघारी फिरला.

"उडवलास मेल्या!" मामा हळहळले.

जानकीबाई उठली. पिंडांपुढे जाऊन हळू आवाजात म्हणाली, "अहो, दादूला सायकल घेऊ देणार नाही मी. माझा शब्द. सुखानं जा."

कावळा सरळ खाली आला आणि शिवला.

"आई!" रतनचा आवाज फाटला. "जातानाही तेच? एवढं काय वाकडं होतं त्यांचं सायकलीशी?"

मामांनी मान खाली घातली. जानकीबाईनं ती वाटी रतनच्या तळहातावर ठेवली.

"ही कोपऱ्यावर वाजली, की हे धावत जाऊन दार उघडायचे," ती म्हणाली. "धोंडूच्या सायकलची घंटी. तुझ्या थोरल्या भावाची. ट्रकखालून तेवढीच शाबूत निघाली."