रंभाबाईची नजर

दिशानं पिशवीतून तिसरं भिंग काढलं, तेव्हा रंभाबाईची खात्रीच पटली की ही पोरगी नुसती भिंगं दाखवायला आलेली नाही.

सराफाच्या सख्ख्या पुतणीनं भिंगं दाखवायला बावधनहून कासारसाईपर्यंत स्कूटर हाणत कशाला यावं? रंभाबाई त्या सराफशेठच्या दुकानासाठी कितीतरी वर्षं नथी ओवत होती. एवढ्या वर्षांत शेठनं तिची कधी साधी विचारपूस केली नव्हती. आणि आता एकदम डोळ्यांची काळजी! नजर गेलीय का ते बघायचं आणि काम दुसरीला द्यायचं, दुसरं काय?

नजर गेली होतीच. ते फक्त तिला आणि सून दीपालीला ठाऊक होतं. शेठ सोन्याच्या नथींसाठी खरे मोती पाठवायचा आणि साध्या नथींसाठी नकली. रंभाबाई बोटांच्या सवयीनं ओवायची, दीपाली नंतर डोळ्यांनी तपासायची. मागच्या खेपेला दीपाली माहेरी असताना मांजरानं ताटली उलथली आणि सगळे मोती एक झाले. ते एकटीनं निवडताना रंभाबाई चक्क रडली होती. पण बोलली नाही कुणाला. नथी होत्या म्हणून गावात तिला नाव होतं, घरात तिचा शब्द चालत होता. हे काम गेलं की आपण ओसरीवर बसलेली नुसती एक म्हातारी, याची तिला मनापासून भीती वाटायची.

"हे हातात धरायचं भिंग तुमच्या कामाचं नाही," दिशा म्हणाली. "ओवायला दोन्ही हात मोकळे लागतात. आणि हे दिव्याचं टेबलाला अडकवावं लागतं."

"टेबल कुटं हाय आमच्यात? मी भुईवर बसती."

"म्हणून हे बघा, डोक्याला बांधायचं. फार मोठं दाखवत नाही, पण त्यामुळेच लांबून दिसतं, मान वाकवावी लागत नाही. डोळे दुखायचे थांबतील."

"माझं डोळं दुकत्यात असं कोन म्हनलं?"

दिशानं पट्टा आवळला, भिंग डोळ्यांपुढं ओढलं आणि रंभाबाईच्या तळहातावर एक मोती ठेवला.

रंभाबाईनं तो डोळ्यांसमोर धरला. मोत्याचं भोक दिसत होतं. भोकाची कड दिसत होती. स्वतःच्या बोटांवरच्या, तारेनं पडलेल्या बारीक चिरा तिनं किती दिवसांनी पाहिल्या. हे डोक्यावरून काढूच नये असं तिला वाटलं.

"काय मावशी? पडतोय ना फरक?" दिशानं विचारलं. जरा जास्तच उतावीळपणे विचारलं.

रंभाबाई सावध झाली. तिनं भिंग काढून खाली ठेवलं.

"कशाचा फरक? हुतं तसंच दिसतंय."

"खरंच? नीट बघा ना परत."

"न्हाई म्हनलं ना. नजर लई चांगली हाय माझी."

दिशाचा चेहरा उतरला. उतरणारच, रंभाबाई मनात म्हणाली. आली होती सावज धरायला.

मग दिशानं शेवटचा डाव टाकला. डबीतून मूठभर मोती काढले आणि ताटलीत पसरले. "यात खरे आणि नकली मिसळलेत. नुसत्या डोळ्यांनी नकली वेगळे काढाल?"

शेजारी दीपाली सुपात तांदूळ निवडत बसली होती. दिशा येणार असा दुकानातून फोन आल्यापासून सासू-सुनेचं ठरलं होतं. अशी काही वेळ आलीच, तर बोट बरोबर जागी गेलं की काकणं वाजवायची. तांदूळ निवडणाऱ्या बाईची काकणं वाजली, तर कोण संशय घेणार?

रंभाबाईचं बोट ताटलीवरून फिरू लागलं. काकणं वाजली. तिनं मोती उचलला. पुन्हा वाजली, पुन्हा उचलला. घाई केली नाही. मधेच एक मोती उगाच उजेडाला धरून पाहिला आणि परत ठेवला.

"झालं," ती म्हणाली. "बग बाई तुजी तू."

दिशानं वेगळे काढलेले मोती एकेक करून तपासले. ताटलीतले पुन्हा पाहिले. एकही चूक नव्हती. दीपालीनं सुपाआड हसू दाबलं.

"जिंकलात मावशी," दिशा हळूच म्हणाली. तिनं भिंगं पिशवीत भरली आणि उठली. दारात पोचल्यावर मात्र थांबली.

"मागच्या खेपेतल्या सोन्याच्या नथींत नकली मोती निघाले. काका म्हणाले, बाईनं खरे काढून घेतले. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, मावशींना दिसत नसेल, चुकून मिसळले असतील; मी स्वतः जाऊन बघते."

रंभाबाईनं दाराची चौकट धरली. "पोरी, थांब. मला खरंच दिसत न्हाई गं."

"आता असं तरी नका बोलू, मावशी," दिशा म्हणाली, आणि पायऱ्या उतरली.