दवाखान्याची ओळ

“फक्त नखील मोहल्ल्याचं इंटरनेट तोडायचं,” मेजर म्हणाला. “बाकी शहराला झळ नको. जमेल ना, उस्ताद?”

मुंझिरला जमणार होतं, हेच त्याचं दुर्दैव. बिघाड चटकन सापडावा म्हणून तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यानंच शहरातल्या इंटरनेटच्या प्रत्येक मार्गावर मोहल्ल्याचा आकडा लावला होता. नखीलचा दोनशे चौदा. दवाखान्यांना त्याशिवाय आणखी एक खूण, नऊशे.

नखीलच्या चौकात पोरं पाच दिवस ठाण मांडून होती. त्यांचे व्हिडिओ थेट जगभर जात होते, म्हणून तर फौज अजून पुलाच्या अलीकडे थांबलेली. आणि मुंझिरची बहीण रबाब तिथल्याच दवाखान्यात जखमा बांधत होती.

“लिही बाबा,” इंटरनेट कंपनीचे मालक अबू सनद खालच्या आवाजात म्हणाले. “बायकापोरं आपल्यालाही आहेत.”

मुंझिरनं गाळणीची यादी उघडली, काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं याची. राउटर ती वरून खाली वाचतो, पहिली ओळ जुळली की पुढे बघतच नाही. सगळ्यात वर होतं: नऊशेची खूण असेल तर जाऊ दे. त्यानं नवी ओळ लिहिली: दोनशे चौदा असेल तर अडव. ती सगळ्यात वर टाकायची, हे त्याला कळत होतं. त्यानं ती दवाखान्याच्या ओळीखाली टाकली.

मेजरला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. अबू सनदना कळलं. त्यांनी चहाचा पेला उचलला आणि ते खिडकीकडे वळले.

मेजरच्या मोबाइलवर चौकातले व्हिडिओ एकेक करून थिजले. मेजर खूश झाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. एक व्हिडिओ चालूच होता. निळ्या फरशांची भिंत, कुणाचा तरी रक्तानं माखलेला पाय, पट्टी गुंडाळणारे हात. मुंझिरनं ते हात ओळखले आणि त्याला इतका आनंद झाला की त्यानं मान खाली घातली.

“हा कसा काय चालू?”

“ओळ वरखाली झाली, साहेब. आत्ता दुरुस्त करतो.”

मेजर पडद्यावर वाकला. पुढच्या माणसाला समजावं म्हणून मुंझिर प्रत्येक ओळीच्या वर साध्या अरबीत टीप लिहून ठेवायचा. तेवढी कुणालाही वाचता आली असती.

“‘दवाखाने. कधीही बंद करू नयेत,’” मेजरनं मोठ्यानं वाचलं. “म्हणजे नखीलमध्ये आता एवढंच चालू आहे. दुसरं काहीच नाही?”

 मुंझिरची बोटं ती ओळ पुसायला पुढे झाली. मेजरनं त्याचं मनगट धरलं, अगदी हलकेच.

“राहू दे,” तो म्हणाला. “फौज दाराशी पोचेपर्यंत व्हिडिओवाले सगळे तिथेच जमतील.” दुसऱ्या हातानं त्यानं वायरलेस तोंडाशी नेला. “पूल ओलांडा. आधी दवाखाना.”

टेबलावर मोबाइल चालूच होता. “अल्हम्दुलिल्लाह,” रबाब कुणाला तरी सांगत होती, “आपलं अजून बाहेर जातंय. घाबरू नका.”