राणी एकटीच परतली

वटपौर्णिमेला सकाळी वडाला सूत गुंडाळून झालं आणि दुपारी हेमलता नवऱ्यासोबत नवा सिनेमा बघायला गेली. गोष्ट जुन्या सिनेमाचीच होती. यमाच्या मागे जाऊन नवऱ्याचे प्राण परत आणणारी राणी. लहानपणी गावच्या तंबूत तो बघताना बायका चपला काढून बसायच्या आणि यम दिसला की अख्खा तंबू हात जोडायचा.

इथे प्रत्येकाला वेगळा चष्मा आणि मनगटाला पट्टा. पट्टा मन वाचणार आणि शेवट ज्याच्या त्याच्या मनासारखा होणार. हेमलताने सवयीने चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या.

मध्यंतरात दिनकर तिच्यासाठी साबुदाणावडे घेऊन आला. "शेंगदाणा तेलातलेच आहेत, विचारून घेतलंय. उपासाला चालतील ना?"

शेवटी यम थांबला आणि राणीने काही मागण्याआधीच त्याने तिचा नवरा पुढे केला. "घेऊन जा," तो म्हणाला. राणी नवऱ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि एकटीच घराकडे झपाझप चालू लागली.

मेलं यंत्रच बिघडलं असेल, हेमलताने स्वतःला बजावलं. पण राणी चालू लागली तेव्हा तिच्याही छातीवरचं ओझं उतरलं होतं.

दिवे लागले.

"जुन्याची सर नाही," दिनकर डोळे पुसत म्हणाला. "तरी तो परत आला तेव्हा भरून आलंच. तुझ्या राणीनेही आणलं ना गं त्याला?"

चपला केव्हाच सापडल्या होत्या, तरी हेमलता खाली वाकूनच राहिली.

"आणलं की," ती म्हणाली.